आचाऱ्यानं पाहिलेलं शहर

तुराट्या आधी नीट रचा.
आणि ओल्या हातानं लावू नका वांगं आगीला,
बामणोदचं आहे, त्याला राग येतो.

हं. आता विचारा.

*काय पाह्यलं तठी, सुपडूभाऊ?*

पाहिलं कसलं, पोरांनो.
बियाण्याच्या कंपनीनं क्वालालंपूरला नेले बेचाळीस डीलर,
बेचाळीसांच्या पोटासाठी नेला मला.
व्हिसाच्या कागदावर धंदा काय लिहावा, झांबरे साहेब अडले,
शेवटी छापून आलं: पर्यटक.
जन्मात पहिल्यांदा मी नुसता बघणारा झालो,
कागदावर.

ते गेले जुळ्या मनोऱ्यांवर,
मी कांदा चिरत होतो.
ते गेले डोंगरातल्या देवाला, पायऱ्या मोजत,
मी शेंगदाणे भाजत होतो.
संध्याकाळी मोबाइलवर मला शहर दाखवायचे,
बोटानं सरकवत, भरभर,
आणि मधेच विचारायचे,
आज शेवभाजीला तिखट कमी का?

माझ्या वाटणीचं शहर म्हणजे
तळघराची वीतभर खिडकी,
तिच्यातून जाणारे बूट, चपला, चाकाच्या पेट्या,
एकदा एक मांजर, थांबून बघणारी.
आणि मुनियांडी, भांडी घासणारा.
त्याला माझी भाषा नाही, मला त्याची नाही,
पण कढईच्या बुडाची काळजी दोघांना सारखीच.
त्यानं एक शब्द शिकवला मला, पानास. म्हणजे गरम.
मी त्याला भुसावळचा मे महिना सांगायला गेलो,
हातवारे कमी पडले.

शेवटल्या रात्री डीलर म्हणाले, भरीत झालंच पाहिजे.
वांगी नेलीच होती मी,
हिच्या जुन्या पातळात गुंडाळून सोळा, चार वाटेत सुकली.
पण तिथं जाळच नाही हो!
काचेची शेगडी, ती भांडं ओळखते,
वांगं ओळखत नाही.
मुनियांडी कुठून तरी नारळाच्या करवंट्या घेऊन आला.
मागल्या दाराशी, पत्र्याच्या डब्यात पेटवल्या आम्ही.
वारा आत वळला, आणि धूर त्याच्या मागं गेला
पाहुण्यासारखा.

पहिलं वांगं तडकलं
आणि छत्तीस मजले एकदम ओरडले.

भिंतीतून एक बाई बोलायला लागली,
तीन-चार भाषांत, अजिबात न घाबरता, की खाली उतरा.
आणि उतरले की सगळे!
पांढऱ्या झग्यातले गोरे, कानाला साबण लागलेला एक म्हातारा,
दोन नवऱ्या, कोणाच्या कोण जाणे,
झांबरे साहेब बनियनवर, छातीशी पासपोर्टांची पिशवी.
हजारभर माणूस रस्त्यावर, माना वर करून,
आग दिसते का बघत.

मीही केली मान वर.
सहा दिवसांत पहिल्यांदा.

काय सांगू.
ते दोन मनोरे अगदी शेजारी होते हो.
लग्नात अक्षता टाकायला दोघी जावा उभ्या राहतात ना,
नटलेल्या, एकमेकींकडे न बघता, तसे.
त्यांच्या अंगावरचा उजेड खाली सांडत होता
आमच्या अनवाणी पायांवर.
एका बाईनं मला काहीतरी विचारलं, आग कुठं, असंच असेल.
मी हात मागं लपवला.
त्याला वास येत होता.

*मंग दंड बसला?*

कंपनीनं भरला म्हणतात.
डीलरांनी भरीत नाही खाल्लं, चिवड्यावर झोपले.
मुनियांडीला ठेवलं कामावर की काढलं,
विमान पहाटेचं होतं, कळलं नाही.

ते उलटा, उलटा, एक बाजू करपतेय.

करवंटीचा धूर गोडसर असतो, आपल्या तुराटीसारखा नाही.
ते पहिलं वांगं मी त्यालाच दिलं होतं, फडक्यात धरून.
मीठ नव्हतं, लसूण नव्हता.
त्यानं उभ्या उभ्या खाल्लं,
वर सायरन चालू, खाली हा फुंकर घालतोय,
पानास, पानास करत.

बडगी आणा रे.
आणि मिरच्या कोणी मोजल्या? एवढ्यानं काय होतंय.